सरकारदप्तरी मेलेली म्हैस

त्या सकाळी दुधाचा कॅन एकटाच आला. आमच्या गावाकडून भिवंडीला येणाऱ्या पहिल्या एस.टी.तून आत्या उतरायची, स्टँडमागच्या माझ्या खोलीवर कपभर चहा घ्यायची आणि मग पॉवरलूमच्या गल्ल्यांतल्या चहावाल्यांना दूध घालायला जायची. त्या दिवशी दारात कंडक्टर उभा होता, हातात तिचा कॅन. "बाई, तुमची आत्या गेली," तो म्हणाला. "फाट्यावर गाडीची वाट बघत बसली होती, बसल्या जागीच मान टाकली. गाववाल्यांनी घरी नेलीय. दूध नासून जाईल म्हणून मी घेऊन आलो." मी आधी दूध तापत ठेवलं, मग रडले. उलट केलं असतं तर आत्याने वरूनही मला शिव्या घातल्या असत्या.

खरं म्हणजे मी हे लिहिणार नव्हते. शाळेत पोरींना निबंध शिकवणं वेगळं आणि आपल्या माणसाबद्दल लिहिणं वेगळं. पण तेरावं झालं आणि गावात चक्क शोकसभा भरली. आत्या जन्मात कुठल्या सभेला बसली नाही. तिच्यासाठी सतरंजी, लाऊडस्पीकर आणि हार! निवडणुका जवळ आल्या की आमच्याकडे मेलेल्या माणसांचा भाव वाढतो. सभेला पंचायत समितीतले आमचे पुढारी आले होते. त्यांचं खरं नाव आणखी एकदा छापून आणायची माझी इच्छा नाही. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात, तेवढं पुरे. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या महापुरात चांगुणाबाईंचं सर्वस्व गेलं. पण शासनाच्या मदतीचा हात मिळाला आणि त्या माऊलीनं आपला संसार पुन्हा उभा केला." लोकांनी माना डोलावल्या. ज्यांना खरं काय ते माहीत होतं, त्यांनी जास्तच डोलावल्या... माझ्या आत्याला शासनाच्या मदतीतला छदामही मिळाला नव्हता. का मिळाला नाही, ते सांगायला हवं.

चांगुणाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. शेलार गावाच्या पुढे नदीकाठाला आमचं गाव. तिथेच तिला दिलेली, तिथेच ती तरुणपणी विधवा झाली. मूलबाळ नाही. दिरांनी भाताचा एक तुकडा तिच्या वाट्याला काढून दिला, तोही सगळ्यात खालच्या अंगाचा, पाणी साचणारा. त्यावर आणि दोन म्हशींवर तिने आयुष्य काढलं. मला सातवीनंतर पुढे शिकवण्याचा हट्ट तिचा. माझे वडील नको म्हणत होते. दिसायला बारकी, काळीसावळी, आवाज मात्र नदीपलीकडे जाईल असा. गोड बोलणं तिला जमत नसे. एखाद्याचा तिला राग आला तर ती भांडायची, पण एखादा मनातून उतरला की भांडणही थांबायचं. मग ती त्याच्याकडे असं बघायची, जसं आपण रिकाम्या खुर्चीकडे बघतो. तिची ती नजर मी गावातल्या भल्याभल्यांवर पडलेली पाहिली आहे.

पूर आला तो श्रावणात, दिवसाढवळ्या. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता आणि त्यात खाडीला मोठी भरती, त्यामुळे नदीचं पाणी पुढे सरकेना. शिवाय गावाबाहेरच्या नाल्यावर दादासाहेबांनी गोडाऊनसाठी भराव घातलेला. राहनाळकडे गोडाऊनं उठायला लागली होती, आपण तरी मागे का राहायचं? तर पाण्याला जायला वाटच राहिली नाही आणि ते माघारी गावात शिरलं. गावातले अर्धे पुरुष भिवंडीत लूमवर ड्युटीला गेलेले. घरात होते ते भाताची पोती माळ्यावर चढवत होते. गुरांचे गोठे मात्र नदीच्या अंगाला, सखल जागी. आत्याने कोयता घेतला आणि छातीभर पाण्यात शिरली. आधी आपल्या दोन म्हशींची दावी कापली, मग शेजारच्या जनूच्या गोठ्यात घुसली, मग त्याच्या पुढच्या, असं करत आख्खी आळी. "सोरा रं! म्हशी सोरा! त्या पोहतील, तुमी सोरा!" असं ओरडत होती म्हणे. तिने सोडलेल्या म्हशी पोहत टेकाडाच्या बाजूला लागल्या आणि बहुतेक सगळ्या दुसऱ्या दिवशी आपापल्या दारात येऊन हंबरल्या. आल्या नाहीत त्या दोनच. एक आत्याची मोरी आणि एक जनूची चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, गाभण राहायच्या बेतातली तरणी म्हैस. दादासाहेबांचा तबेला मोठा. त्यांच्या गड्याला हुकूम होता, मालक आल्याशिवाय दावं सोडायचं नाही, जनावर चोरीला जातं. पाण्याने मालकाची वाट पाहिली नाही. तबेल्यातली जनावरं दावणीलाच बुडून मेली.

पाणी ओसरल्यावर सरकार आलं. म्हणजे तलाठी आला, चपला हातात आणि धोतर गुडघ्यावर, आणि त्याच्या मागून गुरांचे डॉक्टर, नाकाला रुमाल. मेलेल्या जनावरामागे मदत मिळणार अशी दवंडी झाली होती. मी शाळेला सुट्टी असल्यामुळे गावातच होते. आत्याच्या घरातला चिखल उपसत होते. तलाठी ओटीवर आला आणि म्हणाला, "जनावर दाखवा."

"वाहून गेली," आत्या म्हणाली.

"वाहून गेली म्हणजे हरवली. मेलेलं जनावर दिसलं पाहिजे, डॉक्टरसाहेबांनी दाखला दिला पाहिजे, तर पंचनामा. हरवलेल्याला मदत नाही."

"दावनीला बांधून मारली असती तर?"

"तर मिळाली असती," तलाठी अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं असावं. "तसं म्हणत नाही मी बाई, पण नियम आहे..."

आत्याने त्याच्याकडे त्या रिकाम्या खुर्चीच्या नजरेने पाहिलं आणि घमेलं उचलून आत गेली. मी मात्र शिकलेली. मी त्याच दिवशी तिच्या नावाने अर्ज लिहिला, म्हैस कशी वाहून गेली, कोणी पाहिली, सगळं व्यवस्थित. अर्जाने काहीतरी होतं यावर तेव्हा माझा विश्वास होता.

त्याच संध्याकाळी जनू आला. जनू म्हणजे आत्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी, नात्याने चुलतदीर. मला वाटलं, पुराच्या दिवशी हा लूमवर होता, याची बायको-पोरं आत्यानेच ओढून टेकाडावर नेली, तर दोन शब्द बोलायला आला असेल. तो अंगणातूनच ओरडला, "तुना कोनी सांगितला व्हता माजी म्हस सोरायला? गोठ्यात मेली असती तरी परवरला असता! सरकारनं काय तरी दिला असता! आता ना म्हस, ना मदत!" त्याची बायको गोमती मागे उभी होती. ती त्याचा हात धरून ओढत होती, "अवो, चला, काय बोलताव..." आळीतले बाकीचेही बाहेर आले. ज्यांच्या म्हशी परत आल्या होत्या, त्यांच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. उलट काहींच्या चेहऱ्यावर मी चक्क हळहळ पाहिली... आपली म्हैस उगाच परत आली याची.

नंतरचे दोन-तीन दिवस गावाने जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी सांगून मला खरं वाटलं नसतं. दादासाहेबांच्या मेलेल्या जनावरांत एक म्हैस होती, डावं शिंग मोडलेली. तिचा पंचनामा दादासाहेबांच्या तबेल्यात झाला. मग ती बैलगाडीत घालून एका गोठ्यात नेली, तिथे झाला. मग दुसऱ्या गोठ्यात. पंच तेच, तलाठी तोच, डॉक्टर तेच, शिंग तेवढंच मोडलेलं. डॉक्टर रुमालाआडून "हूं" म्हणायचे आणि सही करायचे. जनावराकडे बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. वास एवढा सुटला होता की गाडीचे बैलही पुढे चालेनात. पण माणसांना त्याचं काही वाटत नव्हतं. अर्थात मेलेली म्हैस फुकट फिरत नव्हती. मदतीतला वाटा दादासाहेबांकडे पोचवायचं ठरलेलं होतं. जिवंतपणी त्या म्हशीने दादासाहेबांना एवढं दूध दिलं नसेल.

दादासाहेबांचा माणूस आत्याकडेही आला. त्याला वाटलं आपण उपकार करतोय. "चांगूबाय, गारी तुज्या दारात आनतो. आंगठा दे, बस. तुजी म्हस मेलीच हाय की, कुठं तरी मेलीच असंल. खोटा कुठं हाय त्याच्यात?"

आत्या शेणाने ओटी सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्या मोरीला दोन शिंगा व्हती."

तो माणूस हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय. मग तिचा चेहरा पाहून निघून गेला. गाडी भिंतीपलीकडे जनूच्या गोठ्यात गेली. आत्या सारवत राहिली.

मदत वाटपाचा समारंभ मोठा झाला. भाताच्या लावणीचा पुन्हा प्रयत्न करावा म्हणून लोक घाईत होते, पण प्रमुख पाहुण्यांना वेळ मिळेपर्यंत मदत रोखून धरलेली. मंचावर शामियाना, समोर चिखल; चिखलात पूरग्रस्त. स्वागतगीत म्हणायला भिवंडीहून आमच्या शाळेच्या पोरी मागवल्या आणि पोरींबरोबर मला यावं लागलं. पाहुणे आले ते उन्हं कलल्यावर. पोरींचे आवाज बसले होते. मग एकेकाला वर बोलावून पाकीट द्यायचं, पाकिटाचं एक टोक पाहुण्यांच्या हातात, दुसरं त्याच्या हातात, फोटोग्राफर "जरा इकडे" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. जनूही गेला वर. नवा सदरा घातला होता. पाहुण्यांनी विचारलं, "किती दूध द्यायची?" जनूने गळा दाटून आल्यासारखं केलं आणि चांदीचे गुण गायला लागला. दादासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या झाल्या. मी पोरींना घेऊन मागच्या मागे निघाले.

आत्याला येऊन हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नाल्यावरचा भराव काढनार का, ते कोनी इचारला?" कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. दुपारची वेळ, पाऊस उघडलेला. आळीच्या तोंडाशी एक म्हैस दिसली. रोडावलेली, अंगावर चिखलाची पुटं, पण कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या मागून एक दाढीवाला तरुण चालत येत होता, हातात दोरी, पण दोरी म्हशीला बांधलेली नव्हती. तो नसीम. भिवंडीत खाडीच्या बाजूला एका लूमवर कामाला. चांदी आळीतून सरळ चालत आली, कुठे थांबली नाही, वळली आणि जनूच्या गोठ्यात शिरून आपल्या दावणीपुढे उभी राहिली. जशी काही नदीवर डुंबून आली आहे.

नसीमच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "खाड़ी के कीचड़ में फँसी थी," तो जनूला सांगत होता. "हम लोगों ने निकाली, कारखाने के पीछे बाँध के रखी, घास खिलाया. किसकी है पता नहीं चल रहा था. आज छुट्टी थी, मैंने रस्सी खोल दी, ये चलने लगी, मैं पीछे-पीछे आ गया. आपकी है ना?"

जनूचा चेहरा पांढरा पडला. तो एकदा म्हशीकडे बघे, एकदा आळीकडे. सगळी आळी दारात येऊन उभी होती.

"न्हाय," जनू म्हणाला. "माजी न्हाय. माजी मेली."

नसीमला कळेना. "अरे, पर ये तो सीधी यहाँ..."

"मेली म्हनलो ना! सरकारनं लिवून घेतलाय. ही दुसऱ्याची हाय. ने हिला, चल, भायेर काढ!" आणि त्याने काठी उचलली. चांदीला वाटलं असेल नेहमीचंच, पाण्यावर न्यायला काठी उचलतात तसं. ती हलली नाही. मग त्याने तिच्या पाठीत काठी घातली... परत घातली. गोमती आतून धावत आली आणि काठी पकडून मटकन खाली बसली.

तेवढ्यात आत्या भिंतीपलीकडून आली. जनूशी बोलली नाही, गोमतीशी बोलली नाही. नसीमच्या हातातली दोरी घेतली, चांदीच्या गळ्यात घातली आणि तिला आपल्या गोठ्यात, मोरीच्या रिकाम्या जागी नेऊन बांधली. मग नसीमला ओटीवर बसवलं, भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. तो बिचारा सारखा विचारत होता, "अम्मा, मैंने कुछ गलत किया क्या?" आत्याचं हिंदी अगाध. ती म्हणाली, "तू गलत न्हाय किया बाबा. तू खा."

गावात असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. कोणीतरी निनावी अर्ज केला. दादासाहेबांच्या विरोधातल्या पार्टीने केला म्हणतात; त्यांना मेलेल्या म्हशीची चीड आली नव्हती, त्यांच्या वाट्याला गाडी आली नव्हती याची आली होती. एक अव्वल कारकून चौकशीला आले. त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असणार, कारण ते थेट आत्याच्या गोठ्यात आले. योगायोगाने मी होते.

"ही म्हैस कोणाची?" त्यांनी विचारलं.

जनू आपल्या दाराच्या आड उभा होता. मला त्याची अर्धी बाजू दिसत होती. मी मनात म्हणत होते, आत्या, सांग. एवढं एकदा सांगून टाक.

"माजी," आत्या म्हणाली.

"तुमची तर वाहून गेल्याचा अर्ज आहे आमच्याकडे."

"आली परत."

कारकुनांना हायसं वाटलं. एक चौकशी संपली आणि एक अर्ज निकालात निघाला. त्यांनी तिथेच आत्याचा अर्ज, मी एवढा व्यवस्थित लिहिलेला, 'जनावर परत मिळाले, सबब मदत देय नाही' असा शेरा मारून बंद केला. चहा घेतला आणि गेले.

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "का केलंस असं? त्या माणसासाठी? ज्याने तुला भर आळीत शिव्या दिल्या?"

आत्या चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होती, काठीचे वळ होते तिथून. "खरा बोलली असती तर हिला नेऊन कोंडवाड्यात बांधली असती. पुरावा म्हनून. खटला चालंपर्यंत पावसात हुबी. तिथं हिला पानी कोन दावल? वैरन कोन घालल?"

"आणि जनू? तो सुटला ना!"

"कोन जनू?" आत्याने विचारलं.

आणि खरंच, त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. भिंतीला भिंत लागून घर, एकच विहीर, पण तिच्या लेखी तो माणूस नव्हता. चांदी तिच्याकडे व्याली, दुसऱ्यांदा व्याली. गोमती रोज तांब्या घेऊन दूध न्यायला यायची. म्हणजे जनू रोज आपल्याच मेलेल्या म्हशीच्या दुधाचा चहा प्यायचा आणि त्याचे पैसे द्यायचा. पुढे चौकशीची भीती गेल्यावर त्याने गोमतीला पाठवलं, म्हैस आमची आहे, परत द्या. आत्या तिला म्हणाली, "देते की. त्या कारकुनाबिगर मी कदी कोनाला म्हनली माजी हाय? फकस्त त्याला सांग, दिवसाउजेरी आळीत हुबा राहून बोल, ही म्हस माजी हाय. मोठ्यानं. मग ने." जनू आला नाही. वर्षं गेली, आला नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो माझ्याकडे आला. मी आत्याचं घर आवरत होते. हळू आवाजात म्हणाला, "बाई, ती म्हस... आख्ख्या गावाला ठावं हाय."

"तर मग बोला," मी म्हटलं. "बाहेर उभं राहून बोला. आत्याचं जे म्हणणं होतं तेच माझं."

तो ओटीच्या पायरीपर्यंत गेला. तिथे उभा राहिला. तोंड उघडलंही. तेवढ्यात रस्त्याने दादासाहेबांची जीप गेली आणि त्याने चटकन वाकून पायातला काटा काढल्यासारखं केलं. मग तसाच घरात निघून गेला. मला हसू आलं, आणि हसताना किळसही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका विहिरीवर असताना, गोमती आली. डोक्यावरचा पदर खोचलेला. ती आळीच्या मधोमध उभी राहिली. आधी तिचा आवाज फुटेना, मग एकदम फुटला. "ऐका गं सगल्याजनी! ही चांदी आमची हाय! आमची मेली नव्हती. आमी खोटा बोललाव, खोट्याची मदत खाल्ली. चांगूबायनं तिला पोसली." विहिरीवरचे रहाट थांबले. एक-दोन दारं लागल्याचा आवाज आला. मी दावं सोडून तिच्या हातात दिलं. ती माझ्या पाया पडायला लागली, मी पडू दिलं नाही. जनू घराबाहेर आला नाही.

पुढे? काही नाही. दादासाहेबांनी निरोप पाठवला की जुन्या गोष्टी उकरून गावाची बदनामी करू नये. कोणाची चौकशी झाली नाही, कोणाकडून काही परत घेतलं नाही. सरकारच्या दप्तरात चांदी अजून मेलेलीच आहे. भराव जिथल्या तिथे आहे, त्यावर गोडाऊनही झालं. या सगळ्याबद्दल मला काय वाटतं ते छापण्यासारखं नाही.

आत्याची उरलेली म्हैस मागेच म्हातारी होऊन गेली होती. काल रिकाम्या गोठ्याला कुलूप लावायला गेले होते. पुरानंतर दर पावसाळ्यात आत्या घरात झोपत नसे. गोठ्यातच तिने बाज टाकली होती, म्हशींच्या तोंडाशी, जमिनीला पाय लावून झोपायची, म्हणजे पाणी आलं तर आधी पायाला कळेल. बाजेचं सुंभ मधोमध सैल पडून तिच्या अंगाएवढा खोलगट झोळ झालाय, कुशीवर वळलेल्या बारक्या बाईएवढा. लाकूड चांगलं आहे. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून मी सुंभ आवळायला बसले. दोन फेरे ओढले असतील... मग ते परत सैल सोडले आणि कुलूप न लावताच घरी आले.